गुडघ्याचं लिगामेंट (एसीएल) फाटल्यावर : ऑपरेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन मी करत नाही. ते झाल्यावर पेशंट माझ्याकडे येतो आणि पुढचे नऊ-दहा महिने आम्ही दोघं मिळून त्या गुडघ्याच्या मागे लागलेले असतो. खालचे प्रश्न कबड्डी खेळणाऱ्या मुलांचे, गाडीवरून पडलेल्यांचे, आईवडिलांचे आहेत, शक्य तितके त्यांच्याच शब्दांत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तुमचा गुडघा मी हात लावून पाहिलेला नाही, म्हणून शेवटचा निर्णय तुमच्या सर्जनसमोर बसूनच घ्या. हे वाचून गेलात तर त्यांना काय विचारायचं ते कळेल.

१. एसीएल म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे "शीर तुटली" म्हणतात, ते हेच का?

बहुतेक वेळा हेच. पण ही शीर नव्हे, हाडाला हाड बांधून ठेवणारा दोर आहे. गुडघ्याच्या मधोमध असे दोन दोर एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात. पुढचा एसीएल, मागचा पीसीएल. एसीएल साधारण तीन ते साडेतीन सेंटिमीटर लांब असतो. नडगीचं हाड पुढे सरकू न देणं आणि वळताना गुडघ्याला नको तेवढा पीळ बसू न देणं ही त्याची कामं. आतल्या कडेला एमसीएल, बाहेरच्या कडेला एलसीएल. दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. या गाद्यांकडे नीट लक्ष ठेवा, पुढच्या निम्म्या उत्तरांत त्या येणार आहेत.

२. मला कुणी धक्काही दिला नाही. नुसता वळलो आणि पडलो. एवढ्याने फाटतं?

हो. खेळातल्या बहुतेक एसीएल अशाच, कुणाचा धक्का न लागता फाटतात. चढाई करणारा बोनस मारून झटक्यात मागे वळतो, तळपाय मॅटला धरून राहतो आणि मांडी फिरते. किंवा उडी मारून उतरताना गुडघा आत झुकतो. "कट्" असा आवाज येतो, अनेकांना तो स्वतःला ऐकू येतो. दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगतो. लोक म्हणतात पाणी भरलं, पण इतक्या लवकर आलेली सूज बहुधा रक्ताची असते. मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा जास्त आहे.

दोन-तीन आठवड्यांनी सूज उतरते, सरळ रस्त्यावर नीट चालता येतं आणि घरचे म्हणतात, बरं झालं की! मग एक दिवस बसमधून उतरताना गुडघा निसटतो. असं दर वेळी निसटताना आतली गादी चिरडते. माझा जीव तिथे तुटतो, कारण लिगामेंट नवं करता येतं, पण झिजलेली गादी पहिल्यासारखी करून मिळत नाही.

३. डॉक्टरांनी हाताने ओढून पाहिलं आणि फाटलंय म्हणाले. मग एमआरआय कशाला?

गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढून पाहतात, त्याला लॅकमन टेस्ट म्हणतात. अनुभवी हाताला तेवढ्यावर एसीएल कळतं. एमआरआय लागतो तो गाद्या, कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) आणि बाकीची लिगामेंट पाहायला. ऑपरेशनचा आराखडा त्यावर ठरतो. साधा एक्स-रेही काढून ठेवा, त्याचं कारण प्रश्न १८ मध्ये.

४. ऑपरेशन केलंच पाहिजे का?

प्रत्येकाने नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या-फिरत्या माणसांवर एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन केलं. उरलेल्यांना आधी नीट व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशन केलं. पाच वर्षांनी या दुसऱ्या गटातल्या निम्म्या लोकांना ऑपरेशन लागलेलं नव्हतं आणि दोन्ही गटांच्या गुडघ्यांत मोठा फरक नव्हता. मात्र त्यात व्यावसायिक खेळाडू नव्हते, आणि "व्यायाम" म्हणजे महिनोन्‌महिने देखरेखीखाली केलेला व्यायाम होता. घरी गरम शेक घेऊन पडून राहणं त्यात धरू नका.

माझा ढोबळ हिशेब असा. कबड्डी, खो-खो, फुटबॉल, कुस्ती असा वळणावळणाचा खेळ पुन्हा खेळायचा असेल, साध्या चालण्यातही गुडघा निसटत असेल, किंवा शिवण्याजोगी गादी फाटलेली असेल तर ऑपरेशनकडे झुका. पंचेचाळिशी ओलांडलेली, दुकानात किंवा शेतात काम करणारी, गुडघा निसटत नाही अशी व्यक्ती असेल तर आधी तीन महिने मनापासून व्यायाम करून पाहा. शेत मात्र सपाट नसतं. बांधावरून उतरताना, चिखलात पाय रुतलेला असताना गुडघा कसा वागतो, ते डॉक्टरांना नक्की सांगा.

५. फाटलेलं लिगामेंट सरळ शिवून का टाकत नाहीत?

शिवून पाहिलं आहे. इंग्लंडमधल्या लीड्सच्या मेयो रॉबसन यांनी १८९५ मध्ये एका खाणकामगाराचं लिगामेंट शिवलं होतं. पुढे १९७० च्या दशकापर्यंत अनेकजण शिवत होते. पण १९७६ मध्ये अमेरिकी लष्करी कॅडेटांचे पाच वर्षांनंतरचे निकाल प्रसिद्ध झाले आणि शिवलेली बरीचशी लिगामेंट टिकली नव्हती हे दिसलं. कारण जागेचं आहे. एसीएल सांध्याच्या आत, सांध्यातल्या द्रवात बुडालेलं असतं. जखम भरायला रक्ताची गुठळी धरावी लागते, ती तिथे टिकतच नाही. दोन टोकं एकमेकांपर्यंत पोचत नाहीत आणि उरलेला दोर आक्रसत जातो.

म्हणून आज ऑपरेशन म्हणजे दुरुस्ती नव्हे, नवी बांधणी. शरीरातलीच दुसरी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) काढून त्या जागी बसवतात. तिला ग्राफ्ट म्हणतात. अपवाद आहेत. लिगामेंट मधून न फाटता मांडीच्या हाडापासून अलगद सुटलं असेल तर निवडक पेशंटमध्ये ते परत हाडाला टाचतात. अमेरिकेत दोन टोकांच्या मध्ये रक्ताने भिजवलेला कोलॅजनचा तुकडा बसवण्याच्या पद्धतीला २०२० मध्ये परवानगी मिळाली. ही अजून सरसकट वापरायची गोष्ट झालेली नाही.

६. दुर्बिणीतून ऑपरेशन म्हणजे आत नेमकं काय करतात?

बहुधा कमरेतून भूल देतात. वाटीच्या दोन बाजूंना सेंटिमीटरभराची दोन छिद्रं पाडतात. एकातून पेन्सिलीपेक्षा बारीक दुर्बीण जाते, दुसऱ्यातून हत्यारं. सलाईनने सांधा फुगवतात. आधी गाद्या तपासून लागेल तिथे शिवतात. मग ग्राफ्ट काढतात.

शिकत असताना मी थिएटरमध्ये उभी राहून हे पाहिलं आहे. बाजूच्या टेबलावर सहायक ती पांढरी, चकचकीत कंडरा स्वच्छ करतो, घडी घालून टोकं शिवतो. मग वेगवेगळ्या मापांची छिद्रं असलेल्या पट्टीतून ती ओढून पाहतो. साडेसातच्या छिद्रात अडली, आठच्या छिद्रातून घट्ट सरकली, म्हणजे आठ मिलिमीटर. त्याच मापाचे बोगदे मग हाडांत पाडतात, एक नडगीच्या हाडात, एक मांडीच्या. दोऱ्याने ग्राफ्ट खालून वर ओढतात. वरच्या टोकाला टायटॅनियमची जेमतेम १२ मिलिमीटर लांबीची पट्टी असते. ती उभी आत जाते आणि हाडाच्या बाहेर आली की आडवी फिरते, सदऱ्याच्या बटणासारखी. तिला बटणच म्हणतात. खालचं टोक स्क्रूने पक्कं करतात. सगळं मिळून तास-दीड तास लागतो, गादी शिवायची असेल तर जास्त.

७. ग्राफ्ट कुठून घेणं चांगलं? एक डॉक्टर हॅमस्ट्रिंग म्हणतात, दुसरे वाटीखालची पट्टी म्हणतात.

दोघंही बरोबर असू शकतात. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून थोडं सविस्तर.

हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंच्या कंडरा. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, थोडं खाली तीन सेंटिमीटरची चीर देऊन एक किंवा दोन कंडरा काढतात आणि चौपदरी घडी करतात. पुढच्या बाजूला दुखत नाही, व्रण लहान राहतो. आपल्याकडे हाच सर्वाधिक वापरला जातो. अडचण अशी की कुणाच्या कंडरा किती जाड निघतील हे आधी नक्की सांगता येत नाही. आठ मिलिमीटरपेक्षा बारीक ग्राफ्ट पुन्हा तुटण्याचा धोका जास्त असतो, म्हणून बारीक निघाली तर सर्जन जादा पदर घालतात. गुडघा खोल वाकवून ओढायची ताकद काहीशी कमी होते. धावपटू आणि कुस्तीगीर यांनी याचा विचार करावा.

वाटीखालची पट्टी म्हणजे वाटी आणि नडगी यांना जोडणाऱ्या कंडरेचा मधला एक-तृतीयांश भाग, दोन्ही टोकांना हाडाच्या तुकड्यांसह. हाडाच्या बोगद्यात हाडच बसतं, त्यामुळे सहाएक आठवड्यांत जुळतं. नुसत्या कंडरेला याहून जास्त वेळ लागतो. जोराच्या खेळात उतरणाऱ्या तरुणांसाठी अनेक सर्जन हाच पसंत करतात. किंमत अशी की गुडघे टेकताना दुखतं, कधी वर्षानुवर्षं. फरशी बसवणारा, नमाज पढणारा, वज्रासनात बसणारा, देवघरासमोर गुडघे टेकणारी आजी, यांनी सर्जनना हे आधीच सांगावं. कुणी विचारेल म्हणून थांबू नका.

वाटीच्या वरची क्वाड्रिसेप्सची कंडरा जाड, भरपूर असते आणि गुडघे टेकताना त्रास कमी देते. गेल्या काही वर्षांत तिचा वापर वाढतो आहे. मांडीचा पुढचा स्नायू मात्र सुरुवातीला फार सुस्तावतो, तो जागा करायला आम्हाला घाम फुटतो.

चौथा पर्याय घोट्याच्या बाहेरच्या बाजूची पेरोनियस लाँगस ही कंडरा. भारतात ती बरीच वापरतात. तिचं काम शेजारची कंडरा बऱ्याच अंशी सांभाळते. आतलं एमसीएलही फाटलेलं असेल तर त्याच बाजूची हॅमस्ट्रिंग काढायला नको, तेव्हा ही उपयोगी पडते.

मृत दात्याची कंडरा तरुण खेळाडूंमध्ये जास्त तुटते. कृत्रिम दोर १९८० च्या दशकात जोरात आले, पण त्यातले बरेच तुटले, सांधे सुजले आणि सर्जन पुन्हा शरीरातल्या कंडरेकडे वळले.

८. कंडरा काढली ती जागा रिकामीच राहते का?

हॅमस्ट्रिंग बऱ्याच जणांमध्ये काही प्रमाणात पुन्हा वाढते. वाटीखालची खाच व्रणाच्या पेशींनी भरते. नडगीच्या पुढच्या बाजूला तळहाताएवढी जागा बधिर राहू शकते, कारण चिरेजवळून त्वचेचा बारीक मज्जातंतू जातो. वेळेनुसार हे कमी होतं आणि गुडघ्याच्या कामात याने अडथळा येत नाही.

९. "ऑल-इनसाइड", "डबल बंडल" यांतली सर्वांत आधुनिक पद्धत कोणती?

नावांपेक्षा बोगदा कुठे पडतो याला महत्त्व द्या. पूर्वी मांडीचा बोगदा नडगीच्या बोगद्यातूनच पाडायचे. त्यात तो मूळ जागेपेक्षा उंच आणि उभा पडायचा. गुडघा पुढे सरकणं थांबायचं, पण वळताना निसटायचा. आता बरेच सर्जन आतल्या बाजूच्या वेगळ्या छिद्रातून, लिगामेंटच्या मूळ जागी बोगदा पाडतात. ऑल-इनसाइडमध्ये पूर्ण बोगद्याऐवजी आतून आंधळी, म्हणजे आरपार न जाणारी खोबणी करतात. हाड कमी जातं आणि बहुधा एकच कंडरा पुरते. डबल बंडलमध्ये एसीएलचे दोन्ही पदर वेगवेगळे बांधतात. जपानी सर्जननी यावर खूप काम केलं आहे, पण पेशंटला जाणवेल असा ठोस फायदा दिसला नाही, म्हणून आता ती कमी केली जाते. सर्जनना विचारायचंच असेल तर "वर्षाला किती एसीएल करता?" हे विचारा.

१०. स्क्रू धातूचा की विरघळणारा? नंतर काढावा लागतो का? विमानतळावर वाजेल का?

दोन्ही चालतात. क्वचित टोचतो म्हणून काढतात, एरवी आयुष्यभर राहतो. टायटॅनियम असेल तर एमआरआयला अडचण नाही, फक्त चित्रात त्या जागी डाग दिसतो. विमानतळावर बहुधा वाजत नाही.

११. डॉक्टर म्हणतात, बाहेरून एक जादा पट्टी टाकू. हे खर्च वाढवायला तर नाही ना?

शंका येणं साहजिक आहे, पण या पट्टीमागे भक्कम आधार आहे. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या जाड पडद्यातून सेंटिमीटरभर रुंदीची पट्टी सोडवून ती मांडीच्या हाडाला पक्की करतात. तिने गुडघ्याचा पीळ आवरला जातो. १४ ते २५ वयाच्या ६१८ जणांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नुसत्या हॅमस्ट्रिंग ग्राफ्टवाल्या गटात दोन वर्षांत ११ टक्के ग्राफ्ट तुटले, पट्टीही टाकलेल्या गटात ४ टक्के. वय कमी, गुडघा मुळात सैल, खेळ वळणांचा, किंवा ऑपरेशन दुसऱ्यांदा असेल तर ही पट्टी मागून घ्यावी अशी आहे. चाळिशीतल्या, फक्त चालणाऱ्या माणसाला सहसा गरज नसते.

१२. परवाच फाटलं. उद्याच करून टाकू का?

थांबा. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर तो नंतर जखडतो. सूज उतरू द्या, पाय पूर्ण सरळ होऊ द्या, मांडीचा स्नायू आवळता येऊ द्या. याला साधारण तीन-चार आठवडे लागतात. अपवाद म्हणजे फाटलेली गादी सांध्यात अडकून गुडघा कुलूपबंद झालाय, सरळच होत नाही, तेव्हा घाई करावी लागते. आणि उलट टोकाला, निसटणारा गुडघा घेऊन वर्षभर फिरू नका (प्रश्न २).

१३. खर्चाचं काय?

बटण, स्क्रू, गादी शिवायचे टाके यांचा प्रत्येकी वेगळा खर्च असतो, म्हणून अंदाजपत्रक लेखी घ्या आणि "गादी शिवावी लागली तर किती?" हे त्यातच लिहून घ्या. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात दाखल होणार असाल तर आधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटून आपलं ऑपरेशन योजनेत बसतं का ते विचारा.

१४. शेजारच्या मुलाला दुसऱ्या दिवशी चालवलं. मला मात्र सहा आठवडे पाय टेकू नका म्हणतात. माझं काही बिघडलं का?

बहुधा तुमची गादी शिवली आहे. नुसत्या एसीएलला ब्रेस आणि कुबड्या घेऊन लगेच पाय टेकता येतो. गादीचे काही टाके, विशेषतः मुळापासून सुटलेल्या गादीचे, वजनाने उसवू शकतात. त्यांना वेळ द्यावा लागतो आणि गुडघा ९० अंशांपुढे वाकवणंही लांबवावं लागतं. गादी वाचली हे चांगलंच झालं. शेजाऱ्याशी तुलना नको, ऑपरेशनचा कागद आणून फिजिओला दाखवा.

१५. खेळायला कधी उतरू? विनेश फोगाट तर वर्षभरात ऑलिंपिकला होती.

हो. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ती पॅरिसच्या मॅटवर होती. पण तिचा दिवस त्या गुडघ्याभोवतीच आखलेला होता. तुमचा कॉलेज, नोकरी आणि एसटीच्या वेळांभोवती असतो.

किमान नऊ महिने. २०१६ च्या एका अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत प्रत्येक महिना थांबल्याने पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलेलं दिसलं. आत काय चाललंय ते पाहा. बसवलेल्या कंडरेला सुरुवातीला रक्तपुरवठा नसतो. तिच्या जुन्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि ती हळूहळू लिगामेंट बनते. साधारण दीड ते तीन महिन्यांच्या काळात ती सर्वांत कमजोर असते. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं आणि मुलगा विचारतो, "मॅडम, एक चढाई करू का?" नको रे बाबा.

महिने भरले तरी परीक्षा द्यावी लागते. मांडीची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के, एका पायावरच्या उड्या तेवढ्याच लांब, उतरताना गुडघा आत न झुकणारा. पंचविशीच्या आतले जे पुन्हा मैदानात उतरतात, त्यांच्यात साधारण चार-पाच जणांत एकाचा तोच किंवा दुसरा गुडघा पुन्हा फाटतो. एवढ्यासाठी मी कडक वागते.

१६. मांडी घालून, उकिडवं कधी बसता येईल? गाडी कधी चालवू?

मांडी घालणं साधारण चार महिन्यांनंतर, उकिडवं पाच-सहा महिन्यांनंतर, गादी शिवली असेल तर आणखी उशिरा. तोवर कमोड किंवा कमोडची खुर्ची. दुचाकी दीड-दोन महिन्यांनी, आणि तीही सिग्नलला थांबताना त्या पायावर गाडीचं वजन पेलता येत असेल तरच.

१७. मुलगी १३ वर्षांची आहे. वाढत्या वयात ऑपरेशन केलं तर पाय आखूड राहील का?

गुडघ्याच्या दोन्ही हाडांत वाढीच्या पट्ट्या असतात. त्यांतून स्क्रू किंवा हाडाचा तुकडा आडवा गेला तर वाढ थांबू किंवा वाकडी होऊ शकते. म्हणून मुलांमध्ये पट्टी टाळून बोगदा पाडतात, किंवा पट्टीतून न्यायचाच तर उभा, बारीक बोगदा करून नुसती मऊ कंडरा नेतात. मुलीचं हाडांचं वय आधी एक्स-रेवर पाहतात, कारण तेराव्या वर्षी एकीची वाढ संपत आलेली असते, दुसरीची जोरात चाललेली असते. "अठरा झाल्यावर बघू" म्हणून खेळू देत राहणं मात्र महागात पडतं, तोवर गादी जाते. लहान मुलांचे असे गुडघे नेहमी करणारा सर्जन शोधा, त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागलं तरी जा.

१८. एक्स-रेत "हाडाचा तुकडा निघालाय" म्हणाले. हे वेगळं आहे का?

पूर्ण वेगळं. लिगामेंट शाबूत राहून नडगीच्या हाडाचा टवका घेऊन सुटतं. मुलांमध्ये आणि दुचाकीच्या अपघातात हे दिसतं. इथे ग्राफ्ट लागत नाही. टवका जागेवर असेल तर प्लास्टर, सरकला असेल तर दुर्बिणीतून दोऱ्याने किंवा स्क्रूने परत बसवतात. हे वेळेत व्हायला हवं. बाहेरच्या कडेला छोटी कपची दिसली तर ती एसीएल फाटल्याची खूण असते. पॉल सेगाँ या फ्रेंच सर्जननी तिचं वर्णन १८७९ मध्येच केलं होतं.

१९. माझं एसीएल नाही, पीसीएल किंवा एमसीएल फाटलंय. हेच सगळं लागू?

नाही. एमसीएल सांध्याबाहेर असतं, त्याला रक्त मिळतं, एकटं फाटलं तर बहुधा ब्रेसमध्ये भरून येतं. पीसीएल गाडीवरून नडगीवर आपटून फाटतं आणि अर्धवट असेल तर व्यायामाने बऱ्यापैकी निभावतं. दोन-तीन लिगामेंट एकदम फाटली असतील तर शक्यता आहे की गुडघा निखळून आपोआप बसला. अशा वेळी गुडघ्यामागची मुख्य रक्तवाहिनी दुखावलेली असू शकते. पाऊल गार, फिकट पडलंय किंवा बधिर झालंय असं वाटलं तर एमआरआयच्या रांगेत थांबू नका. रक्तवाहिन्यांचे सर्जन असलेलं रुग्णालय गाठा. इथे हिशेब तासांचा असतो.

२०. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, पुन्हा फाटलं. पुन्हा करता येतं?

येतं, पण आधी का तुटलं ते शोधावं लागतं. चुकलेला बोगदा, न पाहिलेली गादी, लवकर खेळणं, की नडगीच्या हाडाचा मागे जास्त असलेला उतार? सीटी स्कॅनमध्ये जुने बोगदे रुंदावलेले दिसले तर आधी ते हाडाच्या भुग्याने भरून काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करतात. उतार फारच जास्त असेल तर काही वेळा हाड कापून तो कमी करतात. पहिल्या ऑपरेशनचा कागद आणि आतली छायाचित्रं जपून ठेवा, दुसऱ्या सर्जनला ती सोन्यासारखी वाटतात.

२१. घरी गेल्यावर कशाने घाबरायचं?

ताप आणि गुडघा अचानक लाल, गरम, जास्त दुखरा. पोटरी टणक आणि दुखरी. धाप लागणं, छातीत दुखणं. टाक्यांतून वाहणारं पाणी. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सर्जनला कळवा. धाप किंवा छातीत दुखणं असेल तर थेट जवळच्या रुग्णालयात जा. जंतुसंसर्ग शेकडा एकापेक्षा कमी जणांत होतो, पण झालाच तर दुर्बिणीतून लवकर धुऊन काढावा लागतो.

२२. चार महिने झाले. वाकतो छान, पण पूर्ण सरळ होत नाही. चालताना लंगडतो.

हा प्रश्न मला उशिरा विचारला जातो, याचं वाईट वाटतं. पाठीवर झोपा, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, दोन्ही गुडघ्यांची मागची बाजू बघा. ऑपरेशनचा गुडघा दुसऱ्याइतका खाली जात नसेल तर पाच अंशांची कसरही चालण्यात दिसते आणि वाटीवर ताण आणते. माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकेने पहिले दोन महिने गुडघ्याखाली उशी घेऊन झोप काढली होती. बरं वाटायचं तिला, आणि तसं करू नका हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती कसर भरायला आम्हाला पुढचे तीन महिने लागले.

उशी काढा. टाच उंच ठेवून दिवसातून पाच-सहा वेळा, दहा-दहा मिनिटं पाय सैल सोडा आणि मांडी आवळा. एवढं करूनही सरळ करताना पुढे काहीतरी अडल्यासारखं वाटत असेल तर ग्राफ्टच्या पुढे व्रणाची गाठ झालेली असू शकते. दुर्बिणीतून ती गोल, एका डोळ्यासारखी दिसते, म्हणून तिला सायक्लॉप्स म्हणतात. व्यायामाने ती जात नाही, काढावी लागते. काढल्यावर बहुतेकांचा पाय टेबलावरच सरळ होतो. त्याच संध्याकाळपासून टाचेखालचा टॉवेल पुन्हा सुरू करायचा.